हेदमाळ, बेचिराग

नवसूदादा, बुधवारी मोखाड्याला तुझी जबानी होती आणि सोमवारी तू गेलास. एवढी वर्षं तग धरलास, आणखी दोन दिवस तेवढे तुला काढता आले नाहीत. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण छातीचा भाता झालेला असताना तू हेदमाळावरून एकटा उतरलास. पोरांनी झोळी बांधली होती, तिच्यात बसला नाहीस. पोशेऱ्यात लेकीच्या ओट्यावर टेकलास, पाणी मागितलंस, एक निरोप सांगितलास आणि पाणी येईपर्यंतही थांबला नाहीस. मग मी रागावू नको तर काय करू?

तुझी जानी जव्हारला आली सांगायला. कचेरीच्या पायरीशी उभी राहिली, आत येईना. मी नकाशाच्या टेबलावर वाकलेलो होतो. "मास्तर, बाबा गेला," म्हणाली. आणि मग, "तुला सांगाया लावला, का बुधवारी येता येयाचा नाय." म्हणजे जाता जाता तू माझ्याकडे रजेचा अर्ज पाठवलास! मला हसू आलं, खरंच आलं, आणि ते तोंडावर असतानाच हातातल्या निबेतून शाईचा थेंब नकाशाच्या कापडावर पडला. एवढ्या नोकरीत माझ्या हातून असा थेंब कधी पडला नव्हता. मी तो टिपायलाही उठलो नाही.

मोखाड्याच्या चौकशीच्या साहेबांनी तुझ्या मरणाची नोंद केली आणि पंधरा दिवसांनी दुसरी तारीख दिली. ती परवा, बुधवारी. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा मांडतो, कारण परवा हेच मला त्यांच्यापुढे मांडायचं आहे. हेदमाळावर तुमची सात घरं. उतारावर नाचणीची आणि वरईची शेतं. ही घरं संस्थान विलीन होण्याच्या आधीपासून तिथं होती असं ठरलं तर घरंही राहतील आणि शेतंही. नव्हती असं ठरलं तर ती मागाहून चोरून बांधलेली. नाचणी कापून झाली की घरं मोडायची, दगडांचे बुरूज रचून जंगलाची हद्द पक्की करायची, आणि मग सगळ्या माळावर कूप पाडायचं, म्हणजे एकूण एक झाड तोडायला ठेकेदाराच्या हवाली करायचं. पुरावा एकच, संस्थानच्या शेवटच्या वर्षी झालेल्या मोजणीचा नकाशा. त्यावर हेदमाळाच्या नावाखाली एक शब्द आहे, बेचिराग. जिथं दिवा लागत नाही, कोणी राहत नाही, अशा गावाला कागदावर तसं म्हणतात. तो शब्द तुझ्या सांगण्यावरून लिहिला गेला, आणि लिहिला मी.

मी तेव्हा विशीतला होतो. नुकताच ट्रेसर म्हणून चिकटलेला. मूळ नकाशावर मेणकापड पसरायचं आणि खालच्या रेघा शाईनं वर उतरवून घ्यायच्या, एवढंच माझं काम. पण मोजणीदारांबरोबर रानातली नावं लिहून घ्यायला कोणीतरी हवा होता, आणि माझं अक्षर बरं होतं. तू मोजणीच्या साखळीचं पुढचं टोक धरायचास. पहिल्याच दिवशी माझ्या नव्या वहाणांकडे बघून म्हणालास, "मास्तर, ह्या तुज्या हायेत का तू ह्यांचा?" जो बसून लिहितो तो तुझ्या लेखी मास्तर, मग तो शाळेत शिकवो न शिकवो. आणि मास्तर म्हणूनही तू मला एकेरीतच हाक मारायचास. तुमच्याकडे राजालाही एकेरीच, हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी मात्र मला ते लागलं होतं.

तुझा एक नेम होता. जागेवर पाय ठेवल्याशिवाय जागेचं नाव घ्यायचं नाही. मोजणीदार टेकडीवर उभे राहून विचारायचे, "तो खालचा ओहोळ दिसतो ना, त्याचं नाव काय?" तू गप्प. "अरे, नाव सांगायला काय जातं तुझं?" तू जमिनीकडे बघायचास. "तठं जावां, मंग सांगतों. लांबून नाव घेतलेला जागंला नाय आवडत." मग मोजणीदार कपाळाला हात लावायचे आणि मला तुझ्याबरोबर दरीत पिटाळायचे. तिथं पोचलं की तू एक पान तोडून पायाशी ठेवायचास, वर एक खडा, आणि मग हळूच नाव सांगायचास. एखाद्याची ओळख करून द्यावी तसं. मी ते पेन्सिलीनं वहीत टिपायचो. तुझ्या या नेमापायी माझ्या वहाणा महिन्याभरात फाटल्या, पण त्या भागातलं एकही नाव चुकलं नाही. अजूनही आमच्या कचेरीत लोक म्हणतात की नावं बघावीत तर त्या नकाशातली. माझं कौतुक होतं. मी ते घेतो.

उंची दाखवणाऱ्या रेघा पहिल्यांदा तुला दाखवल्या तो दिवस आठवतो? एकात एक वळलेल्या, आत आत जाणाऱ्या. तू खूप वेळ बघत बसलास. मग स्वतःचा अंगठा नकाशाशेजारी धरलास आणि म्हणालास, "डोंगराचा आंगठा लावलाव तुमी." मोजणीदारांना काही ते रुचलं नाही. मला मात्र अजूनही त्या रेघा काढताना तुझा तो अंगठा दिसतो, नखाशी कोयत्यानं चिरलेला. त्या बुधवारी तो जबानीच्या कागदावर उमटायचा होता.

आणि तो ताप. मला हिवतापानं धरलं तेव्हा तू मला पाठुंगळी घेऊन जामसरपर्यंत आणलंस. दोन दिवस. मी तापात बरळत होतो, प्रत्येक ओहोळ लागला की विचारत होतो, ह्याचं नाव काय, ह्याचं नाव काय. जानी अजून सांगते हसून, "बाबा बोलायचा, मास्तर तापला पन नोकरी सुटं ना." आणि तू काय केलंस? दर ओहोळापाशी मला खाली ठेवलंस, पान ठेवलंस, खडा ठेवलास, नाव सांगितलंस आणि पुन्हा पाठीवर घेतलंस. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, दादा. त्या पाठीची ऊब मला माझ्या बापाच्या पाठीपेक्षा जास्त आठवते. हे तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.

आता त्या सकाळवर येतो. हात धजत नाही, पण येतो. थंडीचे दिवस होते. आपण तिघे डोंगराच्या एका धारेवर उभे होतो, समोर खोल दरी आणि पलीकडे झाडांनी गच्च भरलेला माळ. मोजणीदारांनी विचारलं, "समोर वस्ती आहे का?" तू लगेच म्हणालास, "नाय. हेदमाळ तो. कोन नाय ऱ्हात. देवी आलेली तवा वस्ती सोडली, उठून गेली सगली." मोजणीदार थकले होते. पलीकडे जायचं तर दरी उतरून चढायला अख्खा दिवस मोडणार. ते मला म्हणाले, "लिहा, हेदमाळ, बेचिराग." मी लिहिलं. आपण पुढे गेलो.

खोटं का बोललास ते मला फार उशिरा कळलं. त्याच्या आदल्या साली ठेकेदाराची माणसं हेदमाळावर आली होती, किती घरं, किती हात, असं मोजत. दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस वेठीला धरून नेला, ओंडके ओढायला. उतारावरून सुटलेल्या सागाच्या ओंडक्याखाली तुझा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून तुमच्यात ठरलं, वहीवाला आला की सांगायचं, इथं कोणी राहत नाही. जो मोजतो तो न्यायला येतो. तुझं काय चुकलं? माझ्या भावाला असं मारलं असतं तर मी जगातली सगळी गावं बेचिराग सांगितली असती. आम्ही कोणाला न्यायला आलो नव्हतो, नुसता नकाशा करत होतो, हे तुला कळायचं कसं? आणि आता वाटतं, नुसता नकाशा असं काही नसतंच.

मग राज्य गेलं, दुसरं आलं. जव्हारात पेढे वाटले. तू त्या आठवड्यात बाजाराला आला होतास आणि मला गाठून विचारलंस, "आथा वेठीला कोन बोलवील?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "कोणी नाही. वेठ बंद." तू कितीतरी वेळ तंबाखू मळत बसलास. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणालास, "मंग लपाया नको." कोण लपलंय, कुठं लपलंय, हे मी विचारलं नाही. एवढा एक प्रश्न विचारला असता तर आज ही वेळ आली नसती. पण मला विचारायचं नव्हतं, दादा. मला उत्तर नको होतं.

जुने नकाशे नव्या खात्याच्या कामाला घ्यायचे ठरलं आणि ते स्वच्छ उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी हेदमाळापाशी पोचलो त्या दिवशी मुद्दाम नवी निब लावली. बेचिराग. चारही अक्षरं सारख्या उंचीची, रेघ कुठं थरथरली नाही. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "छाप्यासारखं अक्षर आहे तुमचं." पुढं त्या अक्षरांवर कोणीतरी हिरवा रंग दिला, राखीव जंगलाचा, आणि हेदमाळ त्या हिरव्यात गेला.

मग एका साली जंगलाचे रखवालदार ती प्रत घेऊन वर आले आणि तुम्हाला म्हणाले, "हा पाडा नकाशात नाही." तू दुसऱ्याच दिवशी मला शोधत जव्हारला आलास. नकाशा पसरून मी तुला जागा दाखवली. तू त्यावर बोट ठेवलंस, नाव घेतलं नाहीस. "काय लिवलाय?" मी वाचून दाखवलं. अर्थ सांगितला. तुझं बोट तिथंच राहिलं.

"मी लिहिलं, पण सांगितलंस तू," मी म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"मी सांगला," तू म्हणालास. "मी खोटा बोललू, त्याचा काय तां मी बघन. पन तू मास्तर ना? तुजे डोले कठं व्हते?"

"समोर धुकं होतं."

तू माझ्याकडे बघितलंस. मग मान हलवलीस. "व्हय. थंडीचे दीस व्हते." एवढंच बोललास आणि उठलास. पुढं आपण कितीदा तरी भांडलो, कोणाची चूक मोठी यावर, कधी हसत, कधी दातओठ खात. पण डोळ्यांचा प्रश्न तू पुन्हा काढला नाहीस. मला वाटलं, तुला माझं खरं वाटलं.

चौकशी लागली तेव्हा तू आपण होऊन म्हणालास, "मी सांगतों साहेबाला, मी खोटा बोललू." मी केवढा सुटलो म्हणून सांगू! मी तुला पढवायला बसलो. एवढंच सांग, जास्त बोलू नकोस, भावाचं सांग, वेठीचं सांग, आणि अंगठा दे. तू शाळेतल्या पोरासारखा माझ्यापुढे बसून पाठ करायचास, मध्येच खोकायचास, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचास. "मना नेतील का?" असं एकदा विचारलंस. मी म्हणालो, "छे, म्हाताऱ्या माणसाला कोण नेतंय." मला खात्री नव्हती. तरी म्हणालो. आणि एकदाही तू विचारलं नाहीस की, मास्तर, तू काय सांगशील?

तू गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मी वेड लागल्यासारखा कपाटं उपसतोय. माझी तेव्हाची पेन्सिलीची वही कुठं सापडते का म्हणून. सापडली. वाळवीनं तिचा भुसा केलाय, हातात घेतली तर सांडली. मोजणीदार केव्हाच वारले. जुना एखादा कागद, घरपट्टी, काही, काही नाही. लपलेल्या गावाला कागद कुठून असणार? तुमचे लोक सांगतील, पण ज्यांची घरं जायची त्यांचं कोण खरं मानतो? बाहेरचा साक्षीदार पाहिजे. त्या सकाळी धारेवर तिघे होतो. त्यातले दोघे गेले.

मी उरलो. आणि दादा, समोर धुकं नव्हतं.

आकाश काचेसारखं होतं. धूर दिसत होता. तुमची गवताची छपरं, त्यातून चुलीचा धूर झिरपून वर येतो, प्रत्येक घराचा वेगळा, बारीक. झाडांच्या वर तो मला दिसला. आणि तेवढंच नाही. तू नाव लांबून घेतलंस. महिनाभर ज्यानं मला एकेका नावासाठी दऱ्या उतरायला लावलं, त्यानं अख्ख्या माळाचं नाव दरीपलीकडून, न विचारता घेतलं. माझ्या तेव्हाच ध्यानात आलं की इथं काहीतरी आहे, इथं आम्हाला यायला नको आहे. माझे पाय दुखत होते. मोजणीदार चिडलेले होते. नोकरी नवी होती. मी मनात म्हटलं, आपल्याला काय करायचंय, सांगितलं ते लिहावं. आणि लिहिलं. बास. यापेक्षा मोठं कारण नाही. शोधून शोधून थकलो, याहून बरं कारण सापडलं असतं तर तुझ्या तोंडावर मारलं असतं.

हे घरी सांगितलं. हिनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी थापायची थांबली नाही. मग म्हणाली, "नोकरी जाईल ना?" मी म्हटलं, जाईल. "आणि नोकरी गेली तर त्यांची घरं राहतील?" धाकटीला अजून नीट चालता येत नाही.

शुक्रवारी तुझा बारावा झाला. मी हेदमाळावर गेलो. दोनदा मी तो नकाशात काढला, नवसूदादा, आणि पाय ठेवला तो शुक्रवारी, तुझ्या बाराव्याला. जानी पुढं, मी मागं. दरी उतरताना चार वेळा बसलो. चढताना विचार येत होता, एवढंच तर अंतर होतं. एक दिवस मोडला असता. एक दिवस! वर पोचलो आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल तर तुमचं उखळ. दारातल्या खडकात खोदलेलं, कोपरभर खोल गेलेलं, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. असं उखळ चार-दोन वर्षांत होत नाही, त्याला आज्या-पणज्या लागतात. मी त्यात हात घालून तसाच बसून राहिलो. बाया माझ्याकडे बघत होत्या. तुझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "आथा नवसू नाय. साहेबापुढं कोन बोलंल?" एक जण छपराचे वासे कुठले काढून न्यायचे, कुठले टाकायचे, ते मोजत होता. तुमच्याकडे मोजणं म्हणजे आता हे.

मी तुझा नेम केला. पान तोडून पायाशी ठेवलं, वर खडा ठेवला आणि नाव घेतलं. समोर ती धार दिसत होती जिथं आपण उभे होतो. इथून किती जवळ दिसते ती! माणूस उभा असता तर त्याचं मुंडासं कुठल्या रंगाचं ते सांगता आलं असतं.

मग मी जानीला बाजूला घेतलं आणि सांगितलं. म्हटलं, धुकं नव्हतं, मी धूर बघितला होता आणि तरी लिहिलं. तुझ्या बापाशी मी खोटं बोललो. मला वाटलं ती थुंकेल.

ती म्हणाली, "बाबाला ठावं व्हता."

"काय ठाऊक होतं?"

"तू बघलेलास तां. तुजा बोट हालत व्हता, बोलायचा. असा." तिनं आपलं बोट हवेत हलवून दाखवलं, एक, दोन, तीन. "मास्तर आमची घरां मोजीत व्हता, बोलायचा. मोजलीन आन गप ऱ्हायला. बाबाला वाटला, मास्तरनं आपल्याला लपवला. लय दीस चांगला बोलायचा तुला."

तेव्हा मला माझं ते बोट आठवलं.

"आणि मग? नकाशा निघाल्यावर?"

"मंग काय. आमी बोललाव, मास्तरला ने साहेबापुढं, त्यानं बी बघलाय. त बाबा वराडला आमच्यावर. मास्तरची नोकरी जायल, बोलला. त्याची पोरां बारीक हायेत. माजा काय, मना कोन नोकरीवरना काढील?"

ती हे सांगताना हसली, तुझं ते वाक्य तुझ्यासारखंच म्हणून दाखवलं तिनं, आणि मग रडायला लागली. मी तिच्याबरोबर रडलो नाही. रडायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

म्हणजे तू मला तो प्रश्न विचारलास तेव्हा तुला उत्तर माहीत होतं. धुकं होतं म्हणालो, तेव्हा तू नुसती मान हलवलीस. मी तुला पढवत होतो, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, तेव्हाही माहीत होतं. तो खोकला, ती छाती घेऊन तू डोंगर उतरत होतास तो माझा गुन्हा स्वतःच्या अंगठ्यानं उचलायला. मला पाठीवर घेऊन जामसरला आणलंस तेवढं पुरे नव्हतं का रे? निदान एकदा शिवी तरी द्यायची होतीस. एकदा म्हणायचं होतंस, मास्तर, मी बघितलंय तुझं बोट. मी त्याच दिवशी कचेरीत जाऊन सांगितलं असतं. असतं का? तुझ्यापुढे आता खोटं बोलवत नाही. बहुतेक नसतं सांगितलं.

परवा काय होईल मला कळत नाही. साहेब विचारतील, इतकी वर्षं गप्प का बसलात. म्हणतील, ट्रेसरचं काम रेघा उतरवायचं, साक्ष द्यायचं नव्हे. म्हणतील, या लोकांनी तुम्हाला काय दिलं. खोटा नकाशा केल्याबद्दल मला काढतील ते काढतीलच, आणि तरी नकाशा तसाच राहील, कूप पडेल, ते उखळ तेवढं रानात उरेल. मला धीर द्यायला तू नाहीस. तुझा अंगठा नाही. नाचणी पिकत आली आहे, आठ-पंधरा दिवसांची बाब. मला भीती वाटते, दादा.

जबानी लिहून ठेवली आहे. नव्या निबेनं नाही, होती त्याच फाटक्या निबेनं. अक्षर वाईट आलं आहे. वरती माझं नाव, हुद्दा, मग त्या सकाळची हकीकत, तू होतास, मोजणीदार होते, आकाश मोकळं होतं. तुझं खोटं त्यात घातलेलं नाही. घालायची गरज पडत नाही. खाली सही केली आहे आणि सहीच्या वर शेवटची ओळ आहे, ती तुला वाचून दाखवतो. समोरच्या माळावर मी स्वतः धूर पाहिला, बोटानं मोजला, आणि तो सात घरांचा होता.